सात नंबरचा व्हॉल्व्ह

बारकीनं तिचा पंप माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "काका, जरा हलवून सांगा ना, किती उरलाय." माझा घास हातातच राहिला.

बारकी माझी पुतणी. वय सत्तावीस, उंचीनं माझ्यापेक्षा चार बोटं जास्त, पण घरात एकदा चिकटलेलं नाव काही सुटत नाही. एका कचेरीत जमिनीचे नकाशे काढते. तिला दमा आहे. मलाही आहे. तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या दादालाही होता. आमच्या घराण्यात दागदागिने काही खाली उतरले नाहीत, पण हा वारसा तेवढा बिनतक्रार पोचला.

पंप म्हणजे तोंडात धरून दाबायचा तो निळा इनहेलर. हल्ली काही पंपांवर मागच्या खिडकीत आकडा दिसतो. बारकीचा बिनआकड्याचा. आत औषध किती राहिलंय हे कानाशी हलवून सांगायचं, हा या घरात एके काळी माझा मान होता. त्याला सव्वीस वर्षं झाली. तिच्या कानावर ती गोष्ट कुणी घातली कोण जाणे.

वहिनी माझ्या पेल्यात पाणी ओतत होत्या. पेला भरून पाणी खाली ओघळलं तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी म्हटलं, कानानं कळत नाही ते. बारकी हसली. अख्खं पाणीपुरवठा खातं मला 'कान' म्हणतं हे तिला माहीत आहे. कमरेएवढ्या मातीखालची गळती ज्याला ऐकू येते त्याला मुठीतला डबा कळत नाही, असं कसं होईल, असं तिचं म्हणणं. वर म्हणाली, "मला तर अर्धा वाटतोय. मी नेहमी तशीच बघते, तुमच्यासारखी."

तिला घाई होती, कारण पुढच्या रविवारी टेकडीची शर्यत होती. गावातून निघायचं, पाइपलाइनच्या वाटेनं सात नंबरच्या व्हॉल्व्हपर्यंत चढायचं आणि परत यायचं. वर्षभर ती तयारी करत होती. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून, फुंकून घेऊन परवानगी दिली होती. वहिनींनी मात्र दिली नव्हती. त्यांनी एवढंच सांगितलं होतं की काका हो म्हणाले तर जा. म्हणजे चेंडू माझ्या अंगणात, आणि मी ताटावर मान खाली घालून बसलेला.

मी पंप खिशात टाकला आणि म्हणालो, उद्या सांगतो.

मी पाणीपुरवठ्यात लाइनमन आहे. टेकडीच्या मागच्या तलावातून गावच्या टाकीत पाणी आणणारी मोठी लाइन टेकडीच्या पाठीवरून जाते. ती रोज पायी तपासायची हे माझं काम. हातात एक लोखंडी कांब, तिच्या टोकाला लाकडी वाटी. कांब जमिनीत टेकवायची, वाटीला कान लावायचा. वाहतं पाणी एका सुरात बोलतं. गळती असली की त्यात बारीक चिरका आवाज मिसळतो. यंत्रं आली, साहेब बदलले, यंत्रं बिघडली, आणि मग पुन्हा मला बोलावणं येऊ लागलं. पुढच्या वर्षी निवृत्त होईन तेव्हा कांब कुठे जमा करायची हे कुणालाच माहीत नाही.

दम्याच्या माणसानं चढाचं काम करू नये असं मला सगळ्यांनी सांगितलं. मुकादमानं तर मीटर वाचायचं बसकं काम देऊ केलं होतं. मी गेलो नाही. सकाळचं, रात्रीचं औषध चुकवायचं नाही. चढ लागायच्या पाव तास आधी दोन पफ. पहिला टप्पा गोगलगाईच्या चालीनं, लोक हसले तर हसू द्यायचे. थंडीत नाकातोंडावरून मफलर. कडेचं गवत पेटवलेलं असलं की लांबची वाट. आणि छातीत शिट्टी वाजली की जिथे असू तिथे बसायचं. थोडंच राहिलंय, आता पोचूच, असं मनाशी म्हणायचं नाही. एवढं पाळलं म्हणून पस्तीस वर्षं चढतोय. शिट्टी मला इतरांच्या आधी ऐकू येते, हा एक फायदा.

दादा शिंपी होता. दिवसभर मशीनवर वाकून बसायचा, कापडाचा बारीक तंतू नाकातोंडात जायचा. आठवड्याची सुट्टी आली की आईची नजर चुकवून टेकडीवर जायचा, लग्न झाल्यावर वहिनींना सांगून जायला लागला, एवढाच फरक. सात नंबरपाशी बसला की त्याला स्वतःचं घर दिसायचं, आणि ते इतकं लहान दिसतं याचं त्याला फार हसू यायचं. बहुतेक वेळा मी बरोबर असायचो. आमचे दोन पंप असायचे आणि दोन्ही मीच हलवून सांगायचो. दादा मला म्हणायचा, अरे, ऐक रे जरा. मी डोळे मिटून आकडा सांगायचो. आणि तो खरा निघायचा, म्हणजे खरा निघतो असं आम्हाला वाटायचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कळत नव्हतं.

त्या दिवशी गावातला पाइप फुटला होता आणि सुट्टी असून मला बोलावलं होतं. गुडघाभर चिखलात उभा होतो. दादा रस्त्याच्या कडेला आला, पंप पुढे केला आणि म्हणाला, "ऐक रे, जायचं ना वर?" मी चिखलाचा हात पँटीला पुसला, पंप कानाशी हलवला आणि म्हणालो, "वीसेक आहेत. जा बिनधास्त." एवढंच. त्यानं हात केला आणि गेला. फुटलेला पाइप तोवर कुणीतरी सरकवला होता आणि मी त्याच्यावर ओरडत होतो. दादाला जाताना मी बघितलंही नाही.

दुपार कलली तरी तो आला नाही म्हणून वहिनींचा निरोप आला, आणि मी वर गेलो. तो सात नंबरच्या व्हॉल्व्हभोवती बांधलेल्या चेंबरच्या भिंतीला टेकून बसला होता. पंप हातात होता. मी त्याला हाक मारली, हलवलं, छाती दाबली, जे जे येत होतं ते केलं. मग तो पंप घेऊन मी कानाशी हलवला. आत आवाज होता. अगदी वीस पफांचा. मी तो स्वतःच्या तोंडात धरून दाबला. गार हवा आली, पण जिभेवर ती कडवट चव आली नाही. औषध कधीचंच संपलेलं होतं. आत उरला होता तो नुसता ढकलणारा वायू, आणि तोही औषधासारखाच खळखळतो. एवढं साधं, आणि कानाच्या गुर्मीत मला माहीत नव्हतं.

पंप मी त्याच्या खिशात परत ठेवला.

तेराव्या दिवशी वहिनींनी मला एकदाच विचारलं, पंपात औषध होतं ना? वर्षाची बारकी त्यांच्या मांडीवर होती. मी म्हटलं, होतं, झटकाच मोठा होता. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मी लग्न केलं नाही. मी खात्याच्या खोलीत राहतो आणि दोन वेळचं वहिनींकडे जेवतो. बारकीच्या शाळेपासून गळक्या छतापर्यंत जे पडेल ते केलं. लोक म्हणतात, दीर असावा तर असा. ऐकताना मला दर वेळी गुदमरल्यासारखं होतं, आणि त्याला पंपाचा उपयोग नसतो.

आता सात नंबरबद्दल सांगतो. लाइन जिथे सगळ्यात उंच चढते तिथे आतली हवा बाहेर जायला हा व्हॉल्व्ह बसवलाय. पहाटे तलावावरचा दरवाजा उघडतात, पाणी हवेला ढकलत येतं आणि ती हवा सात नंबरमधून बाहेर पडते. आधी सुस्कारा, मग बारीक शिट्टी, मग पाण्याची गुळणी, आणि आतला तरंगता गोळा वर बसला की टक्. संध्याकाळी पाणी बंद झालं की तोच व्हॉल्व्ह हवा आत ओढतो. म्हणजे सकाळी सोडतो, संध्याकाळी घेतो. दिवसाला एकच श्वास.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण ती शिट्टी दादाच्या छातीची आहे हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही आणि खोटं ठरवायचीही नाही. लहानपणी आम्ही एका अंथरुणावर झोपायचो, ती शिट्टी ऐकतच मला झोप लागायची. ती बंद झाली की मी घाबरून उठायचो. सात नंबरपाशी मी कांब लावत नाही. सव्वीस वर्षांत एकदाही नाही. वहीत नुसतं 'ठीक' लिहितो. कारण पहिल्याच आठवड्यात लावली होती, तेव्हा वाटीतून स्पष्ट ऐकू आलं होतं, किती आहे रे?

दुसऱ्या दिवशी बारकीचा पंप खिशात घेऊन मी तिथे पोचलो तेव्हा हवा निघायला सुरुवात झाली होती. मी पंप काढला. हलवायचा नाही असं ठरवून काढला, पण सवयीचा हात. कानाशी हलवला, डोळे मिटले, आणि आकडा आपोआप आला. वीसेक.

मी भिंतीला टेकून बसलो, आणि बसल्यावर लक्षात आलं की कुठल्या जागी बसलोय.

पंप तोंडात धरून मी एकदा दाबला. चव होती. कडवट, नेहमीची. म्हणजे होतं थोडं. पण पाच पफ की पन्नास, हे देवालाच माहीत. एक वाट सोपी होती. नवा पंप आणायचा, जुना फेकायचा आणि मूग गिळून गप्प बसायचं. पण नवाही एक दिवस जुना होणार, आणि पोरगी तो कानाशी हलवून बघणार, माझ्यासारखी. नुसतं हलवू नकोस म्हटलं तर ती हसते. का नको, हे सांगितल्याशिवाय भागणार नव्हतं. आणि ते सांगितलं तर ते घर, ते ताट, ती काका म्हणून हाक, सगळ्यावर पाणी सोडावं लागणार होतं. मी भ्यायलो होतो हे कबूल करतो. पाणी भरलं, गोळा टक् करून बसला, तरी मी उठलो नाही.

त्या संध्याकाळी जेवायला बसण्याआधीच सांगितलं. एकदा ताटावर बसलो असतो तर जमलं नसतं. चिखल, पँटीला पुसलेला हात, वीसेक, गार हवा, सगळं ओळीनं सांगितलं. तिनं माझ्या हातातून तिचा पंप घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग ती आतल्या खोलीत गेली. मला तिचं रडणं ऐकू आलं. हा कान नसता तर बरं झालं असतं.

वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे नवा पंप मागितला होता. कपाटात होता, सीलबंद. मी म्हटलं, जुना संपल्याशिवाय नवा फोडायचा नाही. खात्री नसेल तर भावजींना विचारा."

मला हे माहीत नव्हतं. दादानं रस्त्यावर त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, वहिनी, तुमची काय चूक. त्यांनी हातानंच थांबवलं. "तेराव्याला मी विचारलं, तुम्ही 'होतं' म्हणालात. माझ्याकडे न बघता. मला वाटलं, तुम्हाला कळलंय. रिकामा होता हेही, आणि नवा मी दिला नाही हेही. आणि तुम्ही माझं झाकताय."

त्या थांबल्या. छातीवर हात ठेवून त्यांनी एक श्वास घेतला, ज्यांना दमा नाही त्यांनाही कधीकधी घ्यावा लागतो तसा.

"सव्वीस वर्षं तुम्हाला ताट वाढलं ते त्यापायी. एवढा मोठ्या मनाचा माणूस, म्हणून. रोज वाटायचं, मी मारलं त्यांना आणि हा माणूस ते पोटात घालून मुकाट्यानं जेवतोय. आणि तुम्ही स्वतःचंच झाकत होतात, भावजी."

मी बोललो असतो तर त्यांच्या डोक्यावरचं निम्मं ओझं तेव्हाच उतरलं असतं. दादाबद्दलची चूक अजाणता झाली, ही दुसरी मी रोज दोन वेळा बसून केली. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मी मीठच खोट्यानं खाल्लं.

वहिनी म्हणाल्या, "आज जा तुम्ही."

पुढचे पाच दिवस मी खोलीवर हातानं काहीतरी शिजवून खाल्लं. चव लागत नव्हती, त्याला शिजवणारा जबाबदार. बारकी चौथ्या दिवशी येऊन दारातूनच सांगून गेली की नवा पंप आणलाय, मागे आकड्याची खिडकी असलेला, आणि ती पळणार आहे. आईला विचारलंस का, म्हटलं. "आई म्हणाली, आता कुणाला विचारायचं उरलंय का." मला काका म्हणाली नाही. माझा हो की नाही तिनं विचारला नाही, तरी मी हो म्हटलं, आणि थंडी असेल, तोंडावर काहीतरी बांध, असंही म्हटलं. तिनं मान हलवली.

शर्यतीच्या दिवशी माझी ड्यूटी नव्हती. तरी मी दोन पफ घेऊन, पाव तास थांबून, सवयीनं कांब हातात घेऊन गोगलगाईच्या चालीनं वर गेलो. खिशात माझा पंप होता आणि शिवाय एक नवाकोरा, त्याच दिवशी फोडलेला. सात नंबरपाशी कठड्यावर कुणीतरी बसलेलं होतं. जवळ गेल्यावर कळलं, वहिनी. त्या या टेकडीवर कधीच आल्या नव्हत्या. मांडीवर एक लहानशी कापडी पिशवी होती. मी चार हात अंतर ठेवून उभा राहिलो. त्यांनी गावाकडे बघत विचारलं, आपलं घर कुठलं. मी बोटानं दाखवलं. किती लहान दिसतं, असं त्या म्हणाल्या आणि हसल्या नाहीत.

हवा निघायला लागली. आधी सुस्कारा, मग शिट्टी. वहिनी दचकल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी काही न सांगता त्यांना कळलं. गोळा टक् करून बसेपर्यंत आम्ही दोघं मान खाली घालून ऐकत राहिलो.

मग वाटेवरून पहिले पळणारे आले आणि वळून गेले. बारकीचा श्वास मला ती दिसायच्या आधी ऐकू आला. मफलरमधून येणारा, जोराचा, आणि तळाशी बारीक शिट्टी. वळणावर ती दिसली. चेंबरला तीसेक पावलं उरली होती. सगळे तिला ओलांडून जात होते. मी एकही शब्द बोललो नाही, वहिनीही नाही. ती थांबली. कडेच्या दगडावर बसली, पंप काढला, मागचा आकडा बघितला, दोन पफ घेतले, आणि गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघत बसून राहिली. दहाएक मिनिटं असतील. लोक येत होते, जात होते. शिट्टी हळूहळू विरत गेली, मी ती शेवटपर्यंत ऐकली. मग ती उठली, चालत आमच्यापर्यंत आली, चेंबरच्या भिंतीला हात लावला आणि म्हणाली, "काका, खाली भेटू." आणि सावकाश उतरायला लागली.

ती वळणापलीकडे गेल्यावर वहिनींनी पिशवीतून एक खोका काढला. कडा मऊ झालेल्या, छपाई उडालेली, पण सील शाबूत. त्यांनी नखानं ते सील फोडलं, आतला पंप काढला आणि माझ्यापुढे धरला.

"हलवून सांगा," त्या म्हणाल्या.

मी डोळे मिटले आणि तो कानाशी हलवला. आवाज जड होता, काठोकाठ भरल्यासारखा. आकडा नेहमीसारखा आपोआप आला.

"कानानं नाही सांगता येत, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. पंप परत घेतला नाही. पदर सावरून त्या उतरू लागल्या आणि थोड्या पुढे जाऊन, मागे न बघता म्हणाल्या, "जेवायला या."

मी थोडा वेळ मागे राहिलो. कांब सात नंबरच्या पाइपावर टेकवली आणि वाटीला कान लावला. पाणी एका सुरात जात होतं. मी बराच वेळ वाट बघितली, पण कुणी काही विचारलं नाही.